पंडिता रमाबाई, मनोरमाबाई आणि गुलबर्गा : एका ख्रिस्ती मातृत्वाची कहाणी

मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुणे, दौंड, सोलापूर अशी मजल मारीत गुलबर्ग्यावरून १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला आणि तेथे मद्रासकडील मार्गाला मिळाला. निजामाच्या राज्यातील या कोपऱ्याचा मराठी मुलखाशी असलेला संबंध तत्पूर्वीही जुना होता. परंतु तो पायवाटांचा, बैलगाड्यांचा आणि वारीचा होता. रेल्वे आली आणि गाणगापूरला दत्तदर्शनासाठी येणारा कोकणातला किंवा देशावरचा भाविक थेट गाणगापूर रोड स्थानकावर उतरू लागला. पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे, मासिके आणि पुस्तके याच मार्गाने गुलबर्ग्यात आली. सीमाभागातील मराठी ग्रंथालयांच्या जुन्या कपाटांत जी पुस्तके आहेत, त्यांतील बरीचशी याच गाड्यांतून उतरलेली आहेत.

याच लोहमार्गावर पुणे आणि दौंड यांच्या दरम्यान केडगाव नावाचे एक साधे स्थानक आहे. त्या केडगावातील एका आईने आणि तिच्या लेकीने १९१२ मध्ये गुलबर्ग्यात एक ख्रिस्ती विद्यालय स्थापन केले. आई म्हणजे पंडिता रमाबाई आणि लेक म्हणजे त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका मनोरमाबाईच होत्या. रमाबाईंच्या चरित्रांतून या घटनेला बहुधा एखादे वाक्य मिळते आणि चरित्रकार पुढे जातो. त्याचे कारणही उघड आहे. ज्या स्त्रीच्या आयुष्यात कलकत्त्याचा पंडितसभेचा गौरव, इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास, शारदा सदनाचे वादळ आणि मुक्ती सदनाचा डोंगराएवढा संसार आहे, तिच्या चरित्रात गुलबर्ग्याची शाळा मागे पडणारच. तथापि या दोघींचे नाते नीट समजून घ्यायचे झाल्यास ही शाळा शेवटच्या पानावरची टीप ठरत नाही. धर्म ही सभेत मांडायची गोष्ट आहे की घरात जगायची, हा प्रश्न या दोघींनी जन्मभर वागवला. आणि त्याचे एक उत्तर त्यांनी आपल्या या भागात येऊन दिले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. हे स्थळ पश्चिम घाटात, आजच्या कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मातृभाषा मराठी, आणि सभोवतालचा मुलूख कानडी व तुळू. म्हणजे सीमाभागातील मराठी कुटुंबांना जो अनुभव अगदी परिचयाचा आहे, घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, तो रमाबाईंच्या बाळपणीच त्यांच्या वाट्याला आला होता. अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. एवढ्या अपराधासाठी त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे आपली बाजू मांडावी लागली आणि शास्त्राधारे त्यांनी ती मांडली.

त्या लक्ष्मीबाईंनी पुढे रमाबाईंना शिकविले. दिवसभर घरकामाचा, विद्यार्थ्यांचा आणि आल्यागेल्याचा राबता असे. म्हणून ही आई पहाटे उजाडण्यापूर्वी झोपेतल्या मुलीला उचलून घेई, लाडाने जागे करी आणि पाखरांची किलबिल सुरू होण्याच्या सुमारास पाठ चालू होई. रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या आध्यात्मिक आत्मनिवेदनात ही आठवण सांगितली आहे. हजारो पौराणिक श्लोक त्यांना मुखोद्गत होते ते या पहाटेच्या शाळेमुळे. अमेरिकेत १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे जे इंग्रजी पुस्तक गाजले, तेही त्यांनी आईच्या स्मृतीलाच अर्पण केलेले आहे. हिंदू धर्मशास्त्रावर कठोर टीका करणारे हे पुस्तक एका हिंदू आईच्या चरणी वाहिलेले असावे, याचा उल्लेख त्यांच्या टीकाकारांनी फारसा केला नाही आणि त्यांच्या मिशनरी चाहत्यांनीही केला नाही.

अनंतशास्त्री, लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तीन माणसे दुष्काळाच्या आणि उपासमारीच्या दिवसांत, १८७४-७५ च्या सुमारास, एकामागून एक गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी भटकत उत्तरेकडे गेली आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी सिल्चरचे वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमेचा जन्म झाला आणि तिला वर्षही पुरे झाले नव्हते तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबू पटकीने वारले. सिल्चरच्या त्या अल्पकाळच्या संसारात रमाबाईंच्या हाती पतीच्या पुस्तकांतील लूकचे शुभवर्तमान बंगालीत आले होते. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या ते समजावून घेऊ लागल्या. पतीला मात्र पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे रुचले नव्हते. सांगण्याचा मुद्दा असा की, या स्त्रीच्या हाती शुभवर्तमान प्रथम आले ते स्वतःच्या घरातल्या पुस्तकांच्या फळीवरून.

तान्ही मुलगी कडेवर घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. त्याच वर्षी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या पुस्तकात गृहकृत्ये आणि अपत्यांचे संगोपन यांवरही विवेचन आहे. चोवीस वर्षांची विधवा, मांडीवर वर्षाची मुलगी, आणि ती महाराष्ट्रातील स्त्रियांना घर कसे चालवावे व मूल कसे वाढवावे हे सांगते आहे. आजच्या वाचकाला त्यातील काही उपदेश जुनाट वाटेल, क्वचित कठोरही वाटेल. पण त्यामागची तळमळ खरी आहे. स्वतः रमाबाईंपाशी तेव्हा घर म्हणावे असे काहीच नव्हते.

या पुस्तकाच्या उत्पन्नाचाही इंग्लंडच्या प्रवासाला आधार झाला. १८८३ मध्ये त्या वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतला. सोबत मनोरमेचाही झाला. ती तेव्हा अडीच वर्षांचीही नव्हती. महाराष्ट्रात या बातमीने जो हलकल्लोळ झाला तो सर्वश्रुत आहे. त्याहून कमी ठाऊक असलेला वाद वाँटेजच्या मठात चालला होता, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

रमाबाईंच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. मठवासी इंग्रज स्त्रीला मराठी घरातले हे नाते सहज चिकटले आणि ते पत्रांतून अखेरपर्यंत टिकले. पण आजीबाई आणि आई यांच्यात लवकरच खटके उडू लागले. रमाबाई शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंग त्या खाईनात. सिस्टरांना वाटे, हा जातीचा जुना अभिमान अजून गेलेला नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की, ज्या चालीरीतीने कोणाचे नुकसान होत नाही ती टाकून देण्याचे ख्रिस्ताने सांगितलेले नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असा आग्रह होता. त्यांना ती संस्कृत हवी होती. लॅटिन आपल्या देशबांधवांपैकी किती जणांना कळणार, हा त्यांचा सरळ सवाल होता.

हे वाद ताटापुरते आणि क्रुसापुरते राहिले असते तर ते विसरले गेले असते. ते मनोरमेपर्यंत गेले. मठाच्या दृष्टीने बाप्तिस्मा झालेले मूल चर्चचे होते आणि त्याला चर्चची तत्त्वे जशीच्या तशी शिकविणे हे सिस्टरांचे कर्तव्य होते. रमाबाईंना त्या तत्त्वांपैकी काही, विशेषतः त्रैक्याचे तत्त्व, अद्याप पटलेली नव्हती. जे आपल्या विवेकाला पटत नाही ते आपल्या लेकीच्या तोंडी घोकून बसवू नये, असे त्यांनी स्पष्ट कळविले. आपली मुलगी हिंदी मुलींत हिंदी म्हणून वाढावी, परदेशी होऊन परतू नये, हाही त्यांचा हट्ट होता. हा पत्रव्यवहार पुढे सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना दोन्ही बाजूंविषयी आदर वाटतो. सिस्टरांनी त्या मुलीवर मनापासून माया केली होती. रमाबाई चेल्टनहॅमला शिकत-शिकवीत असताना आणि पुढे अमेरिकेत व्याख्याने देत फिरत असताना लहानग्या मनोरमेचा सांभाळ वाँटेजला होत होता. मूल सांभाळायचे एकीने आणि त्याच्या धर्माचा निर्णय घ्यायचा दुसरीने, ही व्यवस्था कोणत्याही घरात ताणाचीच ठरते. रमाबाईंच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, ज्या चर्चने त्यांना आश्रय दिला त्याच्यापुढेही त्यांनी आईचा हक्क खाली ठेवला नाही. बिशपांपुढे न झुकणारी विदुषी म्हणून त्यांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण या झगड्यात विदुषीइतकीच आईही उभी होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींचा स्वयंपाक आणि आचार त्यांच्या रीतीप्रमाणे राहील, अशी कबुली होती आणि रमाबाईंनी ती पाळली. मग वाद कशावरून पेटला? एका उघड्या दारावरून. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. सदनातील काही मुली कुतूहलाने दाराशी येऊ लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावले नव्हते आणि कोणाला घालवूनही दिले नव्हते.

बाहेर गवगवा झाला. 'केसरी'ने झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

या प्रकरणाचा न्याय एका बाजूने करणे सोपे आहे, म्हणूनच तो पुष्कळांनी तसा केला आहे. पालकांची तक्रार निराधार होती असे म्हणता येणार नाही. निराधार, अल्पवयीन, आश्रयाला आलेली मुलगी ज्या बाईच्या अन्नावर वाढते तिच्या प्रार्थनेकडे ओढली जाते, तेव्हा तिची इच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न रानडे-भांडारकरांसारख्या सज्जनांना पडला तर त्यात दोष नाही. किंबहुना प्रार्थनासमाजाच्या या मंडळींनीच रमाबाईंना अखेरपर्यंत सांभाळून घेण्याचा यत्न केला होता. उलट पक्षी, रमाबाईंकडे जी मागणी झाली ती काय होती हेही पाहिले पाहिजे. आपल्याच घरात, आपल्याच मुलीशी, देवाविषयी बोलताना आईने दार लावून घ्यावे. हिंदू घरातील देवघराचे दार प्रार्थनेच्या वेळी कोणी लावीत नाही. आई तुळशीला पाणी घालते तेव्हा अंगणात कोण आहे हे ती पाहत नाही. रमाबाईंच्या लेखी ही प्रार्थना म्हणजे तसाच एक घरातला नित्यक्रम होता. आपल्या आईने आपल्याला पहाटे मांडीवर घेऊन जे दिले ते आपण आपल्या लेकीला देतो आहोत, फक्त ग्रंथ वेगळा आहे. दार लावले तर जे आपण चोरून करीत नाही ते चोरून केल्यासारखे होईल, म्हणून त्यांनी ते लावले नाही. त्यामुळे संस्था बुडण्याची वेळ आली तरी लावले नाही. या हट्टाची किंमत ज्या मुलींना शिक्षण सोडून घरी जावे लागले त्यांनी भरली, हे मात्र रमाबाईंच्या चाहत्यांनी विसरू नये.

येथे मराठी वाचकाला दुसरे एक ख्रिस्ती घर आठवल्याशिवाय राहणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. मुलाला घेऊन त्या पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. पुढे काही वर्षांनी त्या पतीकडे आल्या खऱ्या, पण सोवळे-ओवळे घेऊनच आल्या; वेगळी चूल, वेगळे पाणी. जातीची गाठ कोणाच्या उपदेशाने सुटली नाही. ती त्यांच्याच मनात एके दिवशी विचार करता करता सुटली, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त हे सारे आले आहे आणि त्यावर पुन्हा लिहिण्याची गरज नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते की, टिळकांच्या घरात धर्म आला तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आला आणि हसत आला. दारी आलेले पोरके मूल घरात घ्यायचे, मग त्याला खायला काय घालायचे याची चिंता करायची, असा तो संसार. रमाबाईंच्या संसारात विनोदाला जागा कमी होती. त्या करारी होत्या, एकट्या होत्या, आणि त्यांच्याशी भांडायला किंवा त्यांना हसवायला घरात दुसरे कोणी मोठे माणूस नव्हते. मनोरमेच्या बाळपणाविषयी वाचताना ही उणीव जाणवते.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. आपले आईवडील असेच गेले हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. केडगावला घेतलेली शेतजमीन होती, तेथे प्रथम झोपड्या आणि मग इमारती उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदनाचे रीतसर समर्पण झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या दोन हजार जिवांना अंघोळ घालणे, त्यांची डोकी विंचरणे, खरूज आणि जखमा धुणे, दळण-कांडण, विहिरी खणणे, कापड विणणे, गुरे राखणे, तेल काढणे आणि या सगळ्यांतून वेळ काढून अक्षर शिकविणे, हा मुक्ती सदनाचा दिनक्रम होता. पोशाख साधे लुगडे, जेवण भाकरी-भाजीचे, भजने मराठी. वाँटेजला पुडिंगवरून जो वाद झाला होता त्याचे उत्तर केडगावच्या पंक्तीत मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही. १९०५ मध्ये तेथे जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची जगभर चर्चा झाली. पण जागरणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाते आणि चूल होतीच.

अशा घरात सख्ख्या मुलीचे स्थान काय असेल? मनोरमा शारदा सदनात इतर मुलींत वाढली. तिला वेगळे ताट नव्हते. पुढे ती शिक्षणासाठी इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेस गेली; न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ चिली येथील चेसब्रो सेमिनरीत ती शिकली. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवीही तिने मिळविली. परदेशात तिने ब्रेल लिपी आत्मसात केली आणि परतल्यावर केडगावच्या अंध मुलींना ती शिकविण्यास आरंभ केला. दुष्काळात आणलेल्या मुलींत दृष्टी गमावलेल्या मुली होत्या. बोटांनी वाचणारी आंधळी मुलगी हे दृश्य त्या काळी गावकऱ्यांना चमत्कारासारखे वाटले असल्यास नवल नाही. शारदा सदनाची मुख्याध्यापिका म्हणूनही मनोरमाबाईंनी काम केले. त्यांनी विवाह केला नाही. आईच्या कामाची वारस म्हणून त्यांच्याकडे सर्वजण पाहत होते आणि त्याही स्वतःकडे तसेच पाहत असाव्यात.

या आयुष्याला त्याग म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द येथे जपून वापरावा लागेल. ज्या आईला दोन हजार लेकी आहेत तिची एकुलती एक लेक होणे सोपे नसते. रमाबाईंनी मनोरमेला स्वातंत्र्य दिले, उत्तम शिक्षण दिले, जगाचा प्रवास घडविला. परंतु आईच्या कार्याबाहेर तिला काही वेगळे व्हावयाचे असते तर त्याला वाट होती का, याचे उत्तर कागदपत्रांत शोधून सापडणारे नाही. या पार्श्वभूमीवर गुलबर्ग्याच्या शाळेकडे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व वाढते. केडगावच्या आवाराबाहेर, आईच्या सावलीपासून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर, मनोरमाबाईंच्या हाती आलेले हे काम होते.

१९१२ चे गुलबर्गा म्हणजे निजामाच्या राज्यातील सुभ्याचे ठिकाण. कचेरीची भाषा उर्दू, बाजारात कानडी, मराठी आणि दखनी, आणि पूर्वेकडच्या खेड्यांतून तेलुगू. एकीकडे ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, दुसरीकडे शरणबसवेश्वरांचे देऊळ. मुलींच्या शिक्षणाची अवस्था ब्रिटिश मुलखापेक्षाही मागासलेली होती. एका मुलखात जन्मून दुसऱ्याची भाषा बोलणाऱ्या रमाबाईंना कानडी येत होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रातून या भागात येणाऱ्या पुष्कळांना हा मुलूख परका वाटे. त्यांना तसा वाटण्याचे कारण नव्हते.

घर आणि धर्म यांच्या नात्याविषयी या मातीने पूर्वीही पुष्कळ विचार केलेला होता. हिंदू कुटुंबाच्या वारसाहक्काचा शतकानुशतके आधार असलेली 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याण नगरीत लिहिली. हे कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. त्याच कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या शरणांनी कायक आणि दासोह यांचा मार्ग सांगितला. चूल, चाक, माग आणि शेत यांतच देव शोधला, आणि स्त्रियांना त्या मेळाव्यात मानाची जागा दिली. ज्या शास्त्रांतील स्त्रीच्या स्थानाशी रमाबाईंनी आयुष्यभर वाद घातला त्या परंपरेचा एक मोठा ग्रंथ आणि तिच्याशी वाद घालणारी एक मोठी चळवळ, दोन्ही या एकाच गावच्या. ख्रिस्ती स्त्रीच्या बाबतीत ब्रिटिश हिंदुस्थानात १८६५ च्या वारसा कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला होता. पण कायद्याचा वाटा मिळायला आधी घरात काहीतरी असावे लागते.

बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांपाशी वाटून घेण्याजोगे काही नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मेथडिस्ट मिशनने या जिल्ह्यांत काम केले, आणि तिकडे वळलेली कुटुंबे प्रामुख्याने गावकुसाबाहेरची, अस्पृश्य मानलेल्या जातींतील होती. त्यांची उपासना कानडीत आणि तेलुगूत चाले. रमाबाईंनी ज्या सोवळ्या-ओवळ्याशी झगडा केला त्याची झळ या घरांनी दुसऱ्या बाजूने सोसलेली होती. या घरांत धर्म टिकविला तो बहुतांशी आयांनी. पाळक महिन्यातून एखादे वेळी खेड्यात येई. शास्त्र वाचून दाखविणारी बायबल-बाई आली तर बाया जमत. एरवी संध्याकाळी कामावरून परतल्यावर चुलीपुढे बसून आई जी दोन गीते म्हणे आणि झोपण्यापूर्वी मुलांकडून जी प्रार्थना म्हणवून घेई, तीच मंडळी आणि तेच मंदिर. विकाराबादजवळ धारूर येथे १९२३ पासून दर वर्षी नोव्हेंबरात ख्रिस्ती जत्रा भरू लागली. बीदर-गुलबर्ग्याकडची कुटुंबे चूल-भांडी घेऊन तिकडे जात. झाडाखाली दगड मांडून स्वयंपाक, रात्री भजन. जत्रा हा शब्द मिशनने बदलला नाही, हे शहाणपणाचे झाले. लोकांनी तो बदलूही दिला नसता.

मनोरमाबाईंची शाळा आणि खेड्यांतील ही मंडळी यांचे जग एकच होते असे समजण्याचे कारण नाही. विद्यालय हे शहरातले, शिक्षित स्त्रियांनी चालविलेले. खेड्यातल्या मजूर बाईची मुलगी तेथवर पोहोचणे तेव्हा फार अवघड होते. परंतु ज्या एका समजुतीवर दोन्ही उभी होती ती सारखी होती. मुलीला वाचता आले तर ती उद्या आई होऊन मुलांना वाचून दाखवील, ही ती समजूत. केडगावला रमाबाई याच सुमारास ज्या कामात आकंठ बुडाल्या होत्या त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट होती. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला समजेल असे मराठी बायबल त्यांना करायचे होते. त्यासाठी पन्नाशीच्या सुमारास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. संस्कृतप्रचुर आणि जुन्या पूजाविधींचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. साहित्यदृष्ट्या हे भाषांतर मोठे ठरले नाही. शब्दांची ती गाळणी इतकी बारीक होती की भाषेतला रसही पुष्कळसा तिच्यात अडकून राहिला, आणि संस्कृतवर एवढे प्रभुत्व असलेल्या विदुषीने असे करावे याचे मराठीच्या अभ्यासकाला वाईट वाटते. पण ते अभ्यासकासाठी केलेलेच नव्हते.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. तेव्हा त्यांना ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. सारी भिस्त मनोरमाबाईंवर होती, आणि मनोरमाबाईंची प्रकृती श्रमाने ढासळत चालली होती. केडगाव, गुलबर्गा, परदेशचा पत्रव्यवहार आणि वर्गांतले शिकविणे असा चौफेर भार होता. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांना पोचवून आलेल्या रमाबाईंनी लेकीलाही पोचविले. आपल्यामागे मुक्ती सदन मनोरमा पाहील अशी त्यांची आयुष्यभराची धारणा होती. ती व्यवस्था त्यांना उतारवयात नव्याने करावी लागली.

त्यानंतर जे साडेआठ महिने उरले होते त्यांत रमाबाई बायबलची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. तपासून ठेवलेली पाने मुक्ती सदनाच्या छापखान्यात तेथल्याच बायकांनी जुळविली आणि छापली, आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ पुरा झाला.